तक्त्याबाहेरचा आकडा

४ मार्च, मंगळवार

आज दादाचं नाक मोडलं. मी मोडलं, कीबोर्डने.

कीबोर्ड माझाच होता, जुना, लोखंडी पाठीचा. तोही मोडला, तेव्हा नुकसान दोन्ही बाजूंचं झालं असं म्हणायला हरकत नाही. रक्त टेबलावर, त्याच्या शर्टावर आणि माझ्या चपलेवर. दादा खुर्चीतून उठलासुद्धा नाही. नाकाला रुमाल लावून म्हणाला, "हं, पुढचं बोल."

वहिनी इस्पितळात सिस्टर आहे. तिने दोन्ही अंगठ्यांनी दाबून नाक जागेवर आणलं. हाड वाजलं ते मला दारापर्यंत ऐकू आलं. दादाने हूं की चूं केलं नाही. वहिनी हात धूत मला म्हणाली, "चाळिशी उलटली गं तुमची. आता कशावरून?"

"तक्त्यावरून."

"कसला मेला तक्ता?"

तिला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आमची लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. संगणकावर गणितं सोडवणारी तयार साधनं आम्ही लिहून ठेवतो, फुकट. ज्याला हवं त्याने उचलावं आणि आपल्या प्रोग्राममध्ये जोडावं. पूल बांधणारे वापरतात, औषधं मोजणारे वापरतात. आत काय घ्यायचं आणि बाहेर काय काढायचं हे तिघं ठरवतात: मी, दादा आणि एक तिसरा, ज्याला आम्ही कधी पाहिलेलं नाही. त्याला स्वल्पविराम म्हणतो, कारण दुसऱ्याच्या मजकुरात त्याला आधी तेवढेच दिसतात. तिघांतले दोघं हो म्हणाले की झालं. मी बहुतेक वेळा नाही म्हणते. लोक मला पाठीमागे नाहीबाई म्हणतात, आणि काही तोंडावरही.

दादाने लिहिलेलं सगळ्यात पहिलं साधन म्हणजे तक्तावाचन. तुम्ही एक तक्ता द्यायचा, इतका ताण तर इतका दाब. मग मधला कुठलाही ताण विचारा, ते दाब सांगतं. इथवर ठीक. पण तक्ता जिथे संपतो त्याच्या पलीकडचं विचारलं, तर ते शेवटची रेघ तशीच पुढे ओढतं आणि आकडा ठोकून देतं. अंदाजपंचे दाहोदरसे! आणि सांगतही नाही की हा अंदाज आहे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? मी म्हटलं, ही थाप माझ्या लायब्ररीत चालणार नाही. तक्त्याबाहेरचं विचारलं की उत्तर म्हणून 'अंक नाही' ही खूण द्यायची. ती खूण संगणकात आहेच, त्यासाठीच आहे.

दादा म्हणाला, "अंदाज नको तर नको. पण मग त्याला ओरडायला लाव. प्रोग्राम तिथल्या तिथे थांबू दे, लाल अक्षरात. गप्प नको बसवूस."

मी म्हटलं, लोकांची गणितं दिवस दिवस चालतात. एका वाईट आकड्यापायी सगळं बंद पाडायचं? सभ्य लायब्ररी आरडाओरडा करत नाही.

"तू?" दादा म्हणाला. "तू मला आरडाओरड्याबद्दल सांगतेस?" आणि हसला.

हसला म्हणून मारलं.

५ मार्च, बुधवार

रात्री झोप लागली. हे मुद्दाम लिहिते, कारण वहिनीने फोन करून विचारलं, झोप लागते का गं तुला. लागते.

आमच्या घरात सगळे निकाल हातानेच लागायचे. बाबांचा पट्टा दाराच्या खिळ्याला असायचा. मी पट्टा हवेत असतानाच अशी बोंब ठोकायचे की शेजारी दारात येऊन उभे राहत, आणि बाबा थांबत. दादा ओठ मिटून उभा राहायचा. रडायचा नाही, म्हणून बाबांना कळायचंच नाही की पुरे झालं. कपाटाची काच मी फोडली होती. तो म्हणाला, मी फोडली. त्याचा डावा अंगठा अजून वाकडा आहे. मी त्याला तेव्हाही सांगितलं होतं, ओरडायचं असतं रे येड्या. पण शहाणपणा ऐकेल तो दादा कसला.

आज शिकवणीवाल्याला शेवटचं उत्तर लिहिलं. हा कुठल्याशा कॉलेजात शिकवतो आणि वक्ररेषा जुळवण्याची स्वतःच्या नावाची एक पद्धत आमच्यात घुसवायला बघतो. जगात ती फक्त तोच वापरतो. मी 'नाही' लिहिलं. त्याने चार पानी रडगाणं धाडलं. त्यावर मी लिहिलं, हिंमत असेल तर समोर येऊन बोला, आणि खाली पत्ता टाकला. असल्यांची हिंमत कीबोर्डपुरतीच असते.

६ मार्च, गुरुवार

स्वल्पविरामाने माझ्या बाजूने मत दिलं. दोन विरुद्ध एक. जिंकले!

संध्याकाळी दादा आला. दोन्ही डोळ्यांखाली काळंनिळं, आवाज नाकातून. चहा घेतला आणि म्हणाला, "ठीक आहे. पण इशाऱ्याची आवृत्ती आधी जाईल ना?"

हा आमच्याकडचा रिवाज, त्यानेच घातलेला. काही काढायचं तर आधीच्या आवृत्तीत ते साधन वापरणाऱ्याला पडद्यावर सांगायचं, पुढच्या खेपेला हे बदलणार आहे, सावध व्हा. मगच बदलायचं. कुणाच्या पायाखालची पायरी काढायची तर आधी हाक मारावी, असं तो म्हणतो.

"का? तुला कशाला हवा इशारा?"

मग पठ्ठ्या कबूल झाला. तो काम करतो त्या यार्डात वायूच्या टाक्या तपासतात. टाकी भिंतीपलीकडे ठेवायची, पंपाने दाब चढवायचा, टाकीचं अंग किती ताणलं ते वायरीतून संगणकावर येतं, आणि आमचं तक्तावाचन त्या ताणावरून दाब सांगतं. त्यांचा तक्ता जुन्या टाक्यांचा, चारशेला संपतो. आता मोठ्या टाक्या येणार आहेत. त्यांना पाचशेवर थांबवायचं. चारशे ते पाचशे सगळा अंदाज!

"चोर सापडला!" मी म्हटलं. "म्हणून एवढा कळवळा होय!"

"नवीन तक्ता बनवायला मी साहेबाच्या मागे लागलोय. तो वेळ देत नाही. दोन महिन्यांत उरकतो. तोवर राहू दे." मग नाक हळूच चाचपत म्हणाला, "हे बघ, पंप थांबवणारी ओळ एकच गोष्ट विचारते. दाब पाचशेपेक्षा जास्त झाला का? हो आलं की थांब. तू तिथे 'अंक नाही' आणून ठेवलास तर?"

"तर थांबेल. आकडाच नाही म्हटल्यावर कुठलंही यंत्र थांबेल."

"विचारून बघ संगणकाला."

मला परीक्षा घेणारी माणसं आवडत नाहीत. मी म्हटलं, नियम मला शिकवू नकोस, इशारा जाईल. तो जिना उतरताना कठड्याला धरून उतरत होता. नाटकी आहे.

९ मार्च, रविवार

समोर आला. शिकवणीवाला!

सोसायटीच्या पार्किंगमध्ये, भरदुपारी. किरकोळ माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट. "नाहीबाई आपणच का?" असं अगदी आदबीने विचारलं त्याने. हो म्हटलं तर हेल्मेट माझ्या कानावर बसलं. मी गाडीवर आपटले. त्याने माझे केस धरले आणि डोकं बॉनेटवर आपटत राहिला, दर खेपेला एकेक शब्द, "सहा - महिने - मी - रात्री - जागून -". मी त्याच्या मनगटाला दात लावले आणि जिभेला खारट लागेपर्यंत सोडले नाहीत. मग पिशवीतली पाण्याची बाटली, स्टीलची, भरलेली. पहिली गुडघ्यावर, दुसरी तोंडावर. दोन दात पडले, एक मी चपलेने गटारात ढकलला. तो खाली बसून लहान मुलासारखा रडायला लागला आणि म्हणाला, "तुमच्या भावाने तर चांगलं आहे म्हटलं होतं हो."

असं आहे तर. भावाने!

म्हणजे दादाने याला चढवलं. पत्तासुद्धा त्यानेच दिला असणार. नाक मोडलं म्हणून सूड, तोही दुसऱ्याच्या हातून. आमच्या घरात कितीही मारामाऱ्या झाल्या तरी बाहेरचा माणूस कुणी कधी आणला नव्हता.

माझ्या कानात अजून शिट्टी वाजतेय. वर आले, रक्त पुसलं आणि तक्तावाचनातला बदल आजच आत घातला. सही केली, आवृत्ती सोडली. इशारा नाही, घोषणा नाही, काही नाही. हाक मारायची म्हणे! मला कुणी मारली होती हाक, पार्किंगमध्ये?

यार्डाचं तो बघून घेईल. जुनी आवृत्ती धरून ठेव म्हणावं. कुठला शहाणा माणूस नवी आवृत्ती न बघता आपोआप घेतो?

१० मार्च, सोमवार

दादाचा हात गेला.

१२ मार्च, बुधवार

सोमवारी पुढे काही लिहिता आलं नाही. आज लिहिते.

वहिनीचा फोन आला, मी धावत गेले. ज्या वॉर्डात ती रोज दुसऱ्यांना सुया टोचते तिथेच दादाला आणलं होतं. उजवा हात मनगटापासून नाही. उजवा कान अर्धा. मोडलेल्या नाकावरची, माझ्यामुळे बसलेली पट्टी तशीच होती, मेली ती बरी टिकली.

मोठी टाकी होती, पहिलीच. झाकण उडालं. पंप थांबला नाही, एवढंच सगळे सांगतात.

मला तिथल्या तिथे कळलं, हे साहेबाचं काम. तक्त्याला वेळ नाही, माणसांना वेळ नाही, लवकर उरका, लवकर उरका. आज सकाळी यार्डात गेले. फाटकावर कुणी अडवलं नाही, चेहऱ्यावरची सूज बघून वाट दिली. भिंतीला ताटलीएवढं भोक पडलंय आणि खाली कुणीतरी माती टाकलीय. साहेब कागद दाखवत कुणाला तरी सांगत होता, "सगळं त्यांच्याच देखरेखीखाली होतं." मी टेबलावरचा मोठा पाना उचलला आणि त्याच्या खांद्यावर घातला. खांद्याचं हाड ओल्या फांदीसारखं मोडलं. दुसरा घाव डोक्यावर घालणार होते, खरंच घालणार होते, तेवढ्यात रखवालदाराने मला पालथं पाडलं आणि पाठीत गुडघा रोवला. बरगडी गेली. तोंडात माती, तीच माती. मी ओरडत होते, "खुनी आहेस तू, खुनी!" साहेब जमिनीवर लोळत होता.

पंपवाल्याने मला उठवलं. सोमवारी पंपावर हाच होता. याच्या गालात बारीक तुकडे घुसलेत, सगळे अजून निघाले नाहीत. मला भिंतीशी टेकवून बसवलं आणि त्याने पाणी दिलं.

"साहेबांना कशाला मारता ताई," तो म्हणाला. "ते तर आलेच नव्हते. आकडा गेला हो. तीनशे नव्वद दिसला, चारशे दिसला, आणि पुढे कोरं. पडदा कोरा. तुमचे दादा म्हणाले, वायर निसटली वाटतं. इतकी वर्षं कोरं झालं की वायरच निघायची. म्हणाले, पाचशेला अजून वेळ आहे, पण पंपाला आता आपला आकडा जात नाही, तू हात बंद करायच्या बटणावर ठेव, मी वायरीचं टोक दाबून येतो. ते पलीकडे गेले. मी बटणावर हात ठेवलाच होता ओ. दाबायच्या आधीच झालं." मग पाण्याचा पेला परत घेत म्हणाला, "हात सापडला तेव्हा मुठीत वायर तशीच होती."

मी त्याला म्हटलं, कोरं कसं होईल? जुनी आवृत्ती तर आकडा देते.

तो म्हणाला, "ते मला काय ठाऊक ताई."

१३ मार्च, गुरुवार

विचारून बघितलं.

'अंक नाही' हा पाचशेपेक्षा जास्त आहे का? नाही.

त्याला काहीही विचारा, उत्तर नाहीच येतं. जास्त आहे का, नाही. कमी आहे का, नाही. हे मला ठाऊक होतं. विसाव्या वर्षापासून ठाऊक आहे, मी हे लोकांना शिकवलंय. पंपाची ओळ विचारत राहिली, जास्त झाला का? आणि मी नाही, नाही, नाही म्हणत राहिले. पंप चढवत राहिला.

फोन भिंतीवर फेकला. मग संगणकाचा पडदा फेकला. मग काच उचलली आणि डाव्या तळव्यात मिटली. शेजारच्या बाईने दार वाजवलं तेव्हा सोडली.

१५ मार्च, शनिवार

दादा शुद्धीवर आहे. मी त्याच्या डाव्या बाजूला बसले, म्हणजे चांगला कान माझ्याकडे. माझ्या हाताची पट्टी बघून म्हणाला, "आता कुणाला मारलंस?"

मी विचारलं, "यार्डातल्या संगणकावर नवी आवृत्ती आली कशी? तू बघून घेत नाहीस?"

"सगळ्यांच्या बघून घेतो. बाकीच्यांच्या जुन्याच धरून ठेवल्यात." त्याला बोलायला त्रास होतो. "तुझी तेवढी आपोआप घ्यायची सोय केली होती. सोमवारी सोमवारी."

"का?"

"तुझी सही असते ना."

मी म्हटलं, मला ओरड. शिव्या घाल. डावा हात आहे ना, मार. त्याने डावा हात उचलला. मला वाटलं मारतोय. त्याने माझ्या कानावरची सूज चाचपली आणि विचारलं, "हे कुणी केलं?" शिकवणीवाल्याचं सांगितलं. त्याला पत्ता कुणी दिला असं विचारलं, तर तो म्हणाला, "तूच दिला असशील." मग म्हणाला, "त्या बिचाऱ्याला मी कळवलं होतं, काम चांगलं आहे पण आमच्या उपयोगाचं नाही. निदान एवढं तरी कळवावं माणसाला."

मी बाहेर येऊन जिन्यात बसले. वहिनी वरून बघत होती, खाली आली नाही.

१६ मार्च, रविवार

वहिनी आज घरी आली. बसली नाही. म्हणाली, "चौकशीवाले आले होते इस्पितळात. यांनी लिहून दिलंय की पंप थांबवायची तपासणी मीच बंद केली होती, घाईसाठी. आता नोकरी जाणार, वर खटला. पंपवाल्याचा जीव धोक्यात घातला म्हणून. ते म्हणतात, मी बंद केली. मला गणित कळत नाही गं. पण अठरा वर्षं त्या माणसाबरोबर राहतेय. घरातून निघताना गॅस दोनदा बघणारा माणूस आहे तो. तो बंद करेल?"

मी म्हटलं, "नाही."

"मग कुणी केली?"

मी सांगितलं. सगळं, पार्किंगपासून. वहिनीने मला थोबाडीत मारली, मग दुसऱ्या गालावर, मग पहिल्या. मोडलेल्या बरगडीवर बुक्की मारली. मी हात वर केला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी ओरडलेही नाही. आणि खरंच, ती थांबेना. दमली तेव्हा थांबली, आणि माझ्याच टॉवेलने तोंड पुसून ड्यूटीवर गेली.

१९ मार्च, बुधवार

चौकशी समिती इस्पितळातल्याच एका खोलीत बसली, कारण दादाला हलवता येत नाही. तीन माणसं, गळ्यात हात बांधलेला साहेब, खाटेवर दादा. साहेब माझ्यापासून सगळ्यात लांबची खुर्ची धरून होता.

मी लॅपटॉप उघडला आणि विचारायला लावलं त्यांनाच. मधल्या म्हाताऱ्याने टाईप केलं. जास्त आहे का? नाही. "मग कमी असेल." नाही. "मग बरोबर पाचशे." नाही. तो वैतागला, "अहो मग आहे तरी काय? आणि असं कुणी ठरवलं?"

"असं आधीपासूनच ठरलेलं आहे. यात चूक काही नाही. तो तिथे आणून ठेवायचं मी ठरवलं. तेही न सांगता. यांनी काही बंद केलं नव्हतं. यांची ओळ शेवटपर्यंत विचारत होती."

दादा खाटेवरून म्हणाला, "तिचं नका ऐकू हो. तिला काही कळत नाही. लहान आहे ती."

मी एक्केचाळीस वर्षांची आहे.

"दादा, गप्प बस."

"मीच बंद केली होती. आणि तक्ता जुना आहे हे मला माहीत होतं, तरी टाकी चढवली. लिहून घ्या."

"तक्त्याचं खरं आहे," मी म्हटलं, "ते त्याचं आणि साहेबांचं. बंद केल्याचं खोटं आहे. काच त्याने फोडलेली नाही."

"कसली काच?" म्हाताऱ्याने विचारलं.

मी लॅपटॉप मिटला. खाटेवर दादाने तोंड भिंतीकडे फिरवलं. उजव्या बाजूने, दुखऱ्या कानावर.

२४ मार्च, सोमवार

लायब्ररीत नवा प्रस्ताव मांडला. तक्त्याबाहेरचं विचारलं तर प्रोग्राम तिथल्या तिथे थांबवायचा, लाल अक्षरात, कारण सांगून. आणि खाली काय घडलं ते लिहिलं, हाताचंही. चौदा जणांनी लगेच उत्तरं दिली. नऊ जणांना त्यांची गणितं मध्येच थांबलेली नकोत. एकाने लिहिलं, लायब्ररीने सभ्यपणे वागावं. हे वाक्य माझंच आहे, त्याने माझ्याकडूनच घेतलं असणार.

स्वल्पविरामाचं उत्तर दुपारी आलं. "मी तुझ्या बाजूने मत दिलं होतं मलाही विचारून बघता आलं असतं मी बघितलं नाही माझं मत ओरडण्याला." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने एकही स्वल्पविराम दिला नव्हता.

मी लिहिलं की यानंतर माझ्या सहीचा अधिकार काढून घ्यावा.  ते दादाने ठरवावं. मतं दोन झाली, पण त्याचं आल्याशिवाय मी काही आत घालणार नाही.

२७ मार्च, गुरुवार

समितीचं पत्र आलं. तपासणी मुद्दाम बंद केलेली नाही. दादाची नोकरी राहिली, टेबलावरची. साहेबाची बदली. नवा तक्ता होईपर्यंत मोठ्या टाक्या बंद. माझ्याबद्दल एक परिच्छेद आहे, तो मी वाचला.

दादाला म्हटलं, मी लायब्ररी सोडते.

"जो आत आणतो तो सांभाळतो," तो म्हणाला. "पळतेस कुठे? तो बदल इशारा देऊन घाल म्हणजे झालं."

"आता इशारा? लोक अजून कोऱ्यावर बसलेत. एकेक दिवस -"

"बरं, नको इशारा," तो म्हणाला. "काय घडलं ते लिहून हाक तू आधीच मारलीस." डाव्या हाताने फोनवर एकेक अक्षर शोधून त्याने मत टाकलं. 'हो' लिहायला त्याला इतका वेळ लागला की मला तो फोन खिडकीबाहेर फेकावासा वाटला.

३० मार्च, रविवार

दादा घरी आलाय. पट्टी वहिनी बदलते. मी कंदिलासारखा टेबलावरचा दिवा धरून उभी राहते, दुसरं काही मला करू देत नाहीत.

आज पट्टी जखमेला चिकटली होती. वहिनीने टोक धरलं आणि ओढायला लागली. तिला वाटलं सुटतेय. दादा ओठ मिटून छताकडे बघत होता. कपाळावर घाम, मान ताठ, पायाची बोटं आवळलेली. पट्टीच्या कडेने ताजं रक्त आलं. वहिनीचं लक्ष पट्टीत, आणि याच्याकडून आवाज नाही, ती ओढतेच आहे, ओढतेच आहे.

माझा हात वर गेला. वहिनीच्या हातावर मारणार होते, दिव्यासकट. तसाच धरून ठेवला.

"दादा," मी म्हटलं, "ओरड रे."

त्याने माझ्याकडे बघितलं.

"ओरड ना. तिला कळत नाहीये."

तो ओरडला. मी हा आवाज कधी ऐकला नव्हता. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी हातून भांडं पडलं, गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

वहिनीचा हात थांबला. ती उठली, कोमट पाणी घेऊन आली, पट्टी भिजवली आणि हळूहळू सोडवली.